गॅलरीतील तुळस का जळते?

शहरातील सदनिकेत जागेअभावी घरातल्या कितीतरी गोष्टींना रजा मिळाली. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, उखळ-मुसळ दिसेनासे झाले, अंगण तर केव्हाच हरवले. तुळस मात्र राहिली. कोठे गॅलरीच्या कोपऱ्यात, कोठे खिडकीच्या ग्रिलमध्ये, तर कोठे थेट स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी एखाद्या लहानशा कुंडीत ती उभी असते. आणि पुष्कळ घरांचा अनुभव असा, की ती टिकत नाही. रोपवाटिकेतून आणलेले हिरवेगार रोप पंधरा दिवसांत मान टाकते, महिन्याभरात पाने गाळते आणि मग उरतात त्या तपकिरी काड्या.

मनीप्लांट वाळला तर त्याचे कुणी फारसे मनाला लावून घेत नाही. तुळस जळाली, की मात्र घरात एक अस्वस्थता पसरते. काही तरी अशुभ घडणार, अशी शंका बोलून दाखवली जाते. नव्याने घरात आलेल्या सुनेच्या ‘हाताला गुण नाही’ असे म्हटले जाते. मासिक पाळीच्या दिवसांत कुणी स्पर्श केला का, याची चौकशी होते. झाडाच्या मृत्यूचा दोष अशा रीतीने माणसाच्या, बहुधा बाईच्याच, माथी येतो. वास्तविक रोपवाटिकांमध्ये पिशव्या भरण्याचे, रोपे लावण्याचे आणि खुरपणीचे बरेचसे काम स्त्रियाच करतात आणि ते महिन्याचे तीसही दिवस चालते. तेथे वाढलेलीच रोपे आपण घरी आणतो. तेव्हा स्पर्शाने तुळस जळत असती, तर ती बाजारापर्यंत पोहोचलीच नसती. तुळस जळते ती अगदी साध्या, शोधता येण्याजोग्या कारणांनी. आणि त्यांतील पहिले कारण म्हणजे तिची मनापासून केलेली सेवा.

रोजचा तांब्याभर पाणी

सकाळी स्नान झाल्यावर तुळशीला पाणी घालण्याची प्रथा अंगणातील वृंदावनाभोवती घडली. वृंदावन म्हणजे विटा-दगडांचे भक्कम बांधकाम. त्यात माती भरपूर, वर मोकळे आकाश, दिवसभराचे ऊन आणि वारा. तांब्याभर पाणी तेथे दुपारपर्यंत जिरून व उडून जात असे. आज तोच तांब्या आठ इंचांच्या प्लास्टिकच्या कुंडीत रिकामा होतो. अशा कुंडीत माती असते चारेक लिटर, आणि तांब्यात पाणी असते अर्धा ते एक लिटर. गॅलरीत ऊन दोन तासांचे, त्यात प्लास्टिकच्या भिंतींतून ओलावा बाहेर जाण्याची सोय नाही. कालचे पाणी सुकण्याआधी आजचे पडते. घरात आजी, आई आणि सून अशा तिघींनी आपापल्या वेळी पाणी घातले, तर विचारायलाच नको.

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, ही गोष्ट नवख्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि मुळे त्या हवेतील प्राणवायूवर श्वसन करतात. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळे गुदमरतात. मरू लागलेल्या मुळांवर बुरशी वाढते आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे भोवती चिखल असूनही पाने तहानलेली राहतात आणि झाड मलूल दिसू लागते. येथेच खरा घात होतो. झाड सुकलेले पाहून घरातील माणूस आणखी पाणी घालतो!

पाणी कमी पडलेली आणि पाणी जास्त झालेली तुळस लांबून सारखीच दिसते. फरक मातीत असतो. तहानलेल्या रोपाची कुंडी उचलल्यास हलकी लागते, माती कडेने आकसून कुंडीपासून सुटलेली असते, पाने चुरगळली की कुरकुरीत लागतात. अशा रोपाला पोटभर पाणी दिले, की बहुधा काही तासांत ते मान वर करते. पाणी जास्त झालेल्या रोपाची माती ओली आणि जड असते, खालची पाने आधी पिवळी पडून गळतात, देठ लिबलिबीत होतात आणि मातीला कुबट वास येतो. बोट पहिल्या दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहणे, हीच येथे सर्वांत भरवशाची चाचणी होय. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले, तर तळाच्या छिद्रातून थेंब बाहेर पडेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. एप्रिल-मेच्या उन्हात ही वेळ रोज येऊ शकते, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, तर थंडीत तीन-चार दिवसांनी. वेळापत्रक ठरवू नये. कुंडी सांगेल तसे करावे.

मग नित्याच्या पूजेचे काय? त्यावर उपाय अवघड नाही. पूजेसाठी पळीभर पाणी पुरते. तेवढ्याने उपचारही पाळला जातो आणि मुळेही वाचतात. तांब्याभर पाणी घालण्याचा आग्रहच असेल, तर कुंडीशेजारी एखादे पसरट पात्र ठेवून अर्घ्य त्यात द्यावे आणि ते पाणी गरज असलेल्या झाडाला घालावे.

ऊन कोणत्या दिशेचे?

तुळस ही घरातली वनस्पती नव्हे. ती उन्हाची आहे. पुदिना आणि सब्जा यांच्या कुळातील ही झुडुपवजा वनस्पती उष्ण प्रदेशात, उघड्यावर वाढते. तिला दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. ‘आमच्या घरात भरपूर उजेड आहे’ हे वाक्य माणसांच्या दृष्टीने खरे असते. मात्र आपले डोळे अंधूक प्रकाशाशी सहज जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत प्रकाश किती झपाट्याने घटतो, हे डोळ्यांना कळत नाही, तुळशीला कळते. कमी प्रकाशातील तुळस ओळखणे सोपे असते. तिच्या दोन पानांमधील कांड्या लांबतात, पाने विरळ व फिकी होतात आणि सारे रोप प्रकाशाकडे वाकते. पाणी जास्त होण्याचा प्रश्नही इथूनच सुरू होतो, कारण कमी प्रकाशात झाड पाणीही कमीच पिते.

सदनिकेतील ऊन दिशेबरोबरच ऋतूवरही अवलंबून असते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठराच्या आसपास. डिसेंबरमध्ये मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. तोच सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणजे जी गॅलरी हिवाळ्यात उन्हाने न्हाऊन निघते, तिच्यात ऐन जूनमध्ये थेट ऊन येतच नाही. वरच्या मजल्याचा सज्जा ते अडवतो आणि वर पावसाळी ढगांची भर पडते. ‘चार महिने छान होती, पावसाळ्यात अचानक गेली’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. पूर्वेची गॅलरी तुळशीला सर्वांत मानवते. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारच्या झळांपासून बचाव होतो. पश्चिमेचे ऊनही चालते, मात्र विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी कापडाची सावली करावी. उत्तरेच्या गॅलरीत तुळस जगवणे कठीण. तेथे कुंडी इमारतीच्या गच्चीत किंवा जिन्याच्या उन्हाच्या खिडकीत ठेवण्याची परवानगी सोसायटीकडे मागावी, हे उत्तम.

कुंडी ठेवताना दिशेखेरीज आणखी काही पाहावे लागते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग गॅलरीत बसवलेला असेल, तर त्याच्या गरम झोतात कोणतीही तुळस दोन दिवसांत करपते. वाळत घातलेल्या कपड्यांची दिवसभराची सावली आणि त्यांतून ठिबकणारे साबणाचे पाणी हे दोन्ही वाईट. इमारतीच्या रंगकामासाठी परांची आणि हिरवी जाळी लागली, की महिनोन् महिने ऊन तुटते. त्या काळात रोप ओळखीच्या घरी पाठवणे हाच शहाणपणा. तुळस ओट्याशेजारी किंवा देवघराच्या कोनाड्यात कायमची ठेवू नये. ती रात्रीही प्राणवायू सोडते, म्हणून झोपायच्या खोलीत ठेवावी, असेही सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. प्रकाश नसताना इतर बहुतेक झाडांप्रमाणेच ती केवळ श्वसन करते.

माती, कुंडी आणि पूजासाहित्य

रोपवाटिकेतील रोपाच्या मुळांभोवती अनेकदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या कुंडीत बसवला, तर पाणी सभोवतालच्या भुसभुशीत मातीतून निघून जाते आणि गोळा आतून कोरडाच राहतो, किंवा उलट एकदा भिजला की आठवडाभर चिखल धरून बसतो. रोप लावताना हा गोळा बोटांनी हलकेच सैल करावा. देशावरची काळी माती शेताला कितीही चांगली असली, तरी एकटी कुंडीत नको. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू अथवा कोकोपीट, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने निचरा सुधारत नाही. पाणी थराच्या वरच्या मातीत अडकून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर माती वाहून जाऊ नये, एवढ्यापुरती एक खापरी पुरे. कुंडी दहा-बारा इंचांची, शक्यतो मातीची घ्यावी. इवल्याशा रोपाला एकदम प्रचंड कुंडी दिली, तर न वापरल्या गेलेल्या ओल्या मातीत मुळे कुजतात. बाजारात मिळणाऱ्या चिनीमातीच्या शोभिवंत वृंदावनांपैकी पुष्कळांना तळाला छिद्रच नसते. तुळशीसाठी बनवलेले आणि तुळशीलाच मारणारे असे दुसरे भांडे नसेल.

पूजासाहित्याचाही विचार करायला हवा. चिमूटभर हळद-कुंकवाने झाड मरत नाही. पण पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची क्रिया करून तयार होते, आणि रोज वाहिलेल्या हळद-कुंकवाचा, अक्षतांचा व उदबत्तीच्या राखेचा मातीवर पापुद्रा तयार होतो. त्याखाली पाणी आणि हवा नीट शिरत नाहीत. निरांजनातले सांडलेले तेल मातीला पाणी धरू देत नाही. दिवा खोडाला टेकवून ठेवला, तर खालची पाने करपतात. दूध, साखर वा गोड चहाचा चोथा घातला, की मुंग्या येतात; मुंग्यांमागून मावा आणि पिठ्या ढेकूण येतात, कारण या किडींच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. हळद-कुंकू कुंडीच्या बाहेरील अंगाला लावावे, दिवा वीतभर दूर ठेवावा. पूजेत काही उणे राहत नाही.

मंजिऱ्या आणि वय

तुळशीला मंजिऱ्या आल्या, की घरातील सर्वांना आनंद होतो. झाडाच्या दृष्टीने तो आयुष्याचा उत्तरार्ध असतो. बी धरण्यासाठी ते आपली सारी शक्ती मंजिऱ्यांकडे वळवते, पाने लहान होतात, खोड काष्ठमय होत जाते. कोवळ्या मंजिऱ्या दिसताच त्यांच्या खालच्या पानांच्या जोडीच्या वर खुडल्या, तर ही घाई थांबते. तुळशीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी झोपलेली असते. त्यामुळे शेंडा खुडला, की एकाच्या जागी दोन फांद्या फुटतात. दाट, गोल आकाराच्या तुळशीचे गुपित एवढेच. द्वादशीला किंवा रविवारी तुळस तोडू नये असा संकेत ज्या घरांत पाळला जातो, त्यांना आठवड्याचे उरलेले दिवस मोकळे आहेतच.

कार्तिकातील तुळशीविवाहानंतर रोप उतरणीला लागल्याचा अनुभवही अनेकांना येतो. यात अशुभ काही नाही. पावसाळ्यातील वाढ संपलेली असते, मंजिऱ्या पिकलेल्या असतात आणि नेमकी थंडी सुरू होते. तुळस उष्ण हवेतील असल्याने पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरला, की तिची वाढ थांबते आणि पाने गळतात. नाशिक-निफाडकडे हे ठळकपणे दिसते. थंड देशांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे शरद ऋतूतच तुळस घरात घेतात आणि खिडकीशी किंवा कृत्रिम प्रकाशात हिवाळा काढायला लावतात, तो याचसाठी. आणि काहीही चुकले नाही, तरी कुंडीतील तुळस साधारण दोन-तीन वर्षांची सोबतीण आहे. आजीच्या वेळची म्हणून सांगितली जाणारी तुळस प्रत्यक्षात तिच्याच बियांतून पडलेल्या रोपांची कितवी तरी पिढी असते. वारकऱ्याच्या गळ्यातील माळेचे मणी वाळलेल्या तुळशीच्या काष्ठाचेच असतात, हेही वाळलेल्या तुळशीला अशुभ म्हणणाऱ्यांनी आठवावे.

जळू लागलेल्या तुळशीवर उपचार

पाने गळाली, म्हणून रोप लगेच विसर्जित करू नये. नखाने खोडाची साल किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला, तर तेथवर जीव आहे. शेंड्याकडून खाली तपासत यावे आणि जेथून हिरवे लागते त्याच्या वर फांदी छाटावी. माती ओली असेल, तर कुंडी आडवी करून रोप मातीसह अलगद बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ आणि ओढताच साल सुटणारी. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, रोप नव्या, जेमतेम ओलसर मातीत लावावे आणि चार-पाच दिवस उजेडात पण तीव्र उन्हाबाहेर ठेवावे. मग ऊन क्रमाने वाढवावे. या काळात खत मुळीच घालू नये. खतातील क्षार दुखावलेल्या मुळांना पाणी घेणे अधिकच कठीण करतात. नवी पालवी दिसल्यावर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते.

पानांची मागची बाजूही पाहावी. बारीक जाळे आणि फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. जाळीदार पंखांचे, तिळाहून फारसे मोठे नसलेले गडद कीटक आणि त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके दिसले, तर ती तुळशीवर नेहमी आढळणारी रस शोषणारी कीड होय. तिच्यामुळे पाने वळतात आणि वाळतात. सुरुवातीला पाण्याचा जोरकस फवारा पुरेसा ठरतो. न भागल्यास लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब नीट मिसळून सायंकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा द्यावे. तुळशीचे पान तीर्थात आणि काढ्यात जाते. तेव्हा तिच्यावर रासायनिक कीटकनाशक नकोच.

खोड तळापर्यंत तपकिरी आणि ठिसूळ लागले, तर मात्र उपचारांचा उपयोग नाही. अशा वेळी वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळाव्यात. मोहरीहूनही बारीक बिया निघतात. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्या ओलसर मातीवर भुरभुरून टाकाव्यात आणि वर मातीचा जाड थर देऊ नये, नुसते बोटांनी दाबावे. तांब्याने पाणी घातले, तर बिया वाहून कुंडीच्या कडेला गोळा होतात; म्हणून पाणी शिंपडावे. ऊब असेल तर आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. चार-सहा पाने आली, की सर्वांत दणकट दोन-तीन रोपे ठेवून बाकीची वेगळी लावावीत. शेजारी, नातेवाईक, कुणी ना कुणी ती मागतेच.